थोरली आधी

पहिल्यांदा.

लिफ्टसमोर दोघी जावा उभ्या. पुढे सुचित्रा, या घरातली मोठी सून. मागे क्रांती, धाकटी. दोघींच्या हातात सूप, सुपात तांदूळ, तांदळावर एकेक पितळी मुखवटा. दारापासून हॉलपर्यंत कुंकवाची पावलं. दाराच्या आत सुचित्राची मुलगी वैदेही, हातात ताट आणि चमचा.

"गौर आली?"

"आली."

"कशाच्या पावलांनी आली?"

"सोन्यारुप्याच्या..."

"ताई, थांबा," क्रांती म्हणाली. "थोरली माझ्याकडे आहे."

सुचित्राचा उजवा पाय उंबरठ्यावर होता. तो तिने मागे घेतला.

आधी ज्येष्ठा, मग कनिष्ठा. थोरलीच्या आधी धाकटी आत आली तर काय होतं, हे कुणालाच माहीत नव्हतं. तसं कधी झालंच नव्हतं. मुखवटे दिसायला हुबेहूब सारखे. सासूबाई ते ट्रंकेतून काढायच्या, खिडकीशी धरून बराच वेळ बघायच्या आणि एकेक सुनेच्या हातात द्यायच्या. गेल्या वर्षी त्या गेल्या. त्या वर्षी गौरी बसल्याच नाहीत. आज सकाळी मुखवटे निघाले ते त्यांच्याच विटक्या लुगड्याच्या तुकड्यांत गुंडाळलेले. डांबरगोळ्यांचा वास अजून पॅसेजभर होता.

"थोरली माझ्याकडे," सुचित्रा म्हणाली. "कानामागे पोचा आहे बघ. आईंनी मला दाखवलेला. फक्त मला."

"मला म्हणाल्या, थोरलीचं नथीचं भोक जरा वर आहे. हे बघा." क्रांतीने सूप पुढे केलं. "आणि म्हणाल्या, ताईला सांगू नको. तिला वाईट वाटेल."

"कधी म्हणाल्या?"

"माझं लग्न झालं त्या वर्षी."

"मला त्याच्याही आधी."

सुचित्राने वाकून भोक बघितलं. जरा वर होतं. मग आपल्या सुपातलंही बघितलं.

पुन्हा.

"चल, तू हो पुढे," सुचित्रा म्हणाली. "अनुराधा नक्षत्र टळायला नको. चुकलं तर तुझ्या डोक्यावर."

"असं म्हणून पाठवताय तर नको मग."

"हो गं पुढे. मी कुठे काय म्हणतेय."

क्रांती उंबरठ्यापाशी आली. ताट वाजलं नाही.

"वाजव की गं, वैदेही."

"काकू, मला आजीने वेगळंच सांगितलेलं."

दोघी तिच्याकडे बघत राहिल्या.

"थोरली हातात जड लागते म्हणाली. डोळे मिटून धर, कळेल. म्हणाली, फक्त तुला सांगतेय, तुझ्या आईला नको सांगू."

दोघींनी सुपं खाली ठेवली. आधी हिने दोन्ही मुखवटे हातात तोलले, मग तिने. डोळे मिटून.

"ही जड."

"छे. ही."

"मी सकाळी किचनमधल्या काट्यावर ठेवले होते," वैदेही म्हणाली. "सारखे भरले."

ते तिने आतापर्यंत कुणालाच सांगितलं नव्हतं. आजीने मिटायला लावलेले डोळे, हातातला तो गार पितळेचा भार. काट्यावर तिने तीन-तीनदा ठेवून बघितलं होतं, आणि प्रत्येक वेळी आकडा तोच आला होता.

लिफ्ट वर आली. दार उघडलं. आत कुणी नव्हतं. दार बंद झालं.

"माझी थट्टा करत होत्या का आई?" सुचित्रा म्हणाली. विचारलं नक्की कुणाला, ते तिलाही सांगता आलं नसतं.

पुन्हा एकदा.

हॉलमध्ये सुचित्राचा नवरा दिनानाथ स्टुलावर उभा राहून मखराला लायटिंगची माळ लावत होता. तो खाली उतरला.

"मला माहीत आहे," तो म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"आईने मलाही सांगितलेलं. पण कुणाला सांगू नको म्हणाली होती."

"अहो, त्या गेल्या आता."

"म्हणून काय झालं?"

"बाबा, नक्षत्र संपतंय."

दिनानाथने माळेचा गुंता सोडवायला घेतला. सुटेना. ती तशीच स्टुलावर ठेवून तो बाल्कनीच्या दाराशी गेला. उलव्याच्या नव्या इमारतींपलीकडे न्हावा शेवा बंदराच्या क्रेन दिसत होत्या, एक हलत होती. तिच्याकडे बघतच तो बोलला.

"तिला ओळखू यायच्या नाहीत. थोरली कुठली, धाकटी कुठली. कधीच नाही. तिच्या सासूने तिला सांगितलंच नव्हतं. तेवढंच कुणाला सांगू नको म्हणाली होती."

किचनमधून शेपूची भाजी करपल्याचा वास आला. कुणीच हललं नाही.

"मग मला ते नथीचं भोक कशाला दाखवलं?" क्रांतीने विचारलं. "आणि खिडकीशी धरून एवढा वेळ बघायच्या काय?"

"ते नाही विचारलं मी."

सुचित्राने क्रांतीकडे बघितलं. पदराने तिने क्रांतीच्या सुपातल्या मुखवट्याच्या गालावरचं कुंकवाचं बोट पुसलं. पुसताना ते आणखीच पसरलं.

"राहू दे, ताई."

दोघी सुपं उचलून लिफ्टपर्यंत मागे गेल्या, वळल्या, दारापाशी आल्या. पॅसेज अरुंद. तरी कुणी पुढे झालं नाही, कुणी मागे राहिलं नाही. दोन सुपांच्या कडा एकमेकींना घासत होत्या.

वैदेहीने ताट उचललं. प्रश्न तिला पाठ होते. तोंडून आला तो भलताच.

"कोण आली?"

बाहेरून दोन आवाज एकदमच आले.

"धाकटी."