केवळाबाईच्या गुडघ्याची वाटी

“भीती वाटली की माझा हात धरा,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी दोन्ही अंगठे केवळाबाईच्या गुडघ्याच्या वाटीला लावले.

“केवळाबाई कुणाचा हात धरत नसती.”

वाटी बाहेरच्या अंगाला सरकायला लागली. दुष्काळी कामावर खडी फोडताना ती दिवसातून दोनदा अशीच जागा सोडायची. केवळाबाई एक थाप मारून ती बसवायची, आणि कळ निघाली की समोर दिसेल त्याला शिव्या घालायची. मागच्या हप्त्यात दोनदा पडली, तेव्हा मुकादमानं बजावलं, “लातूर आता जिल्हा झालाय. तिथल्या डॉक्टरचा कागद आण, सावलीत पाणी पाजायचं काम देतो. न्हाईतर सोमवारपासून येऊ नको.”

आत्ता लातूरच्या दवाखान्यात समोर पंखा होता.

“मुडद्या, फिरायलास का झोपलास!” केवळाबाई कडाडली. कपाळावरून घाम निथळत होता. हात मात्र तिनं मांडीखाली दाबून ठेवले होते.

“दुखतंय?”

“मला? त्या पंख्याला इचारा.”

“बाई, तुम्ही दचकत नाही, हात धरत नाही. मग काय लिहू? गुडघा ठणठणीत?”

“ल्ह्या की.” वीस वर्षं घरात तिनं हेच सांगितलं होतं. आता सुनेदेखत शब्द फिरवायचा?

सून शिवकन्या आधी भिंतीला टेकून उभी होती. वाटी हलली तशी तीच “अगं बया!” करून मटकन खाली बसली होती.

“हिला तपासा आधी,” केवळाबाईला आवडतं गिऱ्हाईक सापडलं. “भाकरी हिची करपती, आन् गुडघा माझा दाबला तर वरडती ही!”

“बरं,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी केवळाबाईला उतरवलं, शिवकन्येला टेबलावर घेतलं, पाय लांब करायला लावला. वाटीला अंगठे टेकवले. अजून दाबलंही नव्हतं.

“सोडा तिला!” केवळाबाई लंगडी घालत टेबलावर आदळली. “लई वंगाळ कळ असती ती! जीव जातो! लेकरू हाय ते माझं!”

डॉक्टरीणबाईंनी डाव्या हातानं कागद ओढला आणि वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलं : सासूची वाटी सरकते. गुडघ्याला पट्टा, मांडीचा व्यायाम, खडी फोडणं बंद.

त्यांचा उजवा हात केवळाबाईनं दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला होता.