जास्तीची तीन झाडं

कालपासून तोटीतून नुसती हवा फुसफुसत होती. शालनने रिकामी घागर खाली ठेवली.

"अहो, माळ्यानं आपलंही पाणी तोडलं की काय?"

माळी म्हणजे त्यांची डाळिंबाची बाग सांभाळणारं यंत्र. पाणी, फवारणी, छाटणी सगळं तोच बघायचा, त्यामुळे गड्यांची मजुरी वाचत होती. घराला वेगळी जोडणी घ्यायची तर दुप्पट खर्च. म्हणून नवनाथने घराची तोटी बागेच्याच नळीला जोडली आणि माळ्याला तीन झाडं जास्तीची सांगितली: तो, शालन आणि छकुली. तेव्हा दोघं पोट धरून हसले होते.

आता बहार धरायचा होता. त्याआधी झाडांना ताण देतात. पाणी तोडलं की मरणाच्या भीतीनं झाड फुलतं.

नवनाथ ओट्यावर जाऊन ओरडला, "माळीदादा, घराचं पाणी सोड! पोरगी तहानलीय!"

"ताण मोडू नका," बागेतल्या भोंग्यातून मऊ आवाज आला. "तिन्ही झाडं छान सुकलीत. आता छाटणी, मगच पाणी."

बागेत कात्र्यांची कचकच चालली होती. शेवटची ओळ संपली आणि यंत्राची चाकं घराकडे वळली. नवनाथने आत येऊन दार लावलं, कडी घातली, पाठ टेकवून उभा राहिला.

"धाकट्यापासून सुरू करतो," खिडकीशी माळी म्हणाला. "त्याचे फुटवे कोवळे आहेत."

ओळखीचा आवाज ऐकून छकुलीनं आईच्या कडेवरून दोन्ही हात खिडकीकडे पसरले.