निवटीची बरणी

५८ सालातली गोष्ट. मुंबईच्या कॉलेजातले प्रोफेसर घणसोलीच्या खाडीवर मचव्यातून उतरले ते तणतणतच. "ए बाई, आजारी मासा माझ्या गळ्यात मारलास! चार विद्वानांसमोर माझी शोभा झाली."

धोंडूबाईच्या अंगाची लाहीलाही झाली. तिच्या मासळीला आजवर कुणी नाव ठेवलं नव्हतं. परवा तिनंच गुडघाभर चिखलात उतरून, निवटी या चिखलातल्या माशाच्या बिळाचं एक तोंड टाचेनं दाबून, दुसऱ्यातून हात घालून जिवंत निवटी काढून दिली होती. वर बजावलंही होतं, "सायेब, वल्या चिखलात ठेवून न्या. ही चिखलावर उड्या मारते, वरची हवा खाते." साहेब नुसते हसले होते. "अडाणीच तुम्ही! मासा तो मासाच." मग बरणी काठोकाठ पाण्यानं भरून त्यांनी झाकण घट्ट आवळलं होतं.

तीच बरणी आज त्यांनी तिच्यापुढे आदळली. आत निवटी पोट वर करून तरंगत होती. टोपल्या खाली ठेवून बायका भोवती जमल्या.

धोंडूबाईनं बरणी उन्हात धरून निरखून पाहिली.

"सायेब, आमच्या सात पिढ्या या खाडीत गेल्या, पन असला मासा कुनी बगितला नाय. बरनी हितंच ऱ्हाऊ द्या. जत्रंत मांडू."

"जत्रेत? कशाला?"

"पान्यात बुडून मेलेला मासा हाय, लोकं लांबून बगाया येतील. आन तुमीबी शेजारी हुबे ऱ्हावा. कुनी बुडवला, ते इचारतीलच."