मोटारबंदीचा रविवार

"रुग्णवाहिका जाईल, डॉक्टरांची गाडी जाईल. तुमची नाही जाणार, मातेर्नकाका," अडसरापाशी उभी असलेली पिवळ्या जाकिटातली मुलगी म्हणाली. "वर्षातून एकच तर रविवार असतो."

"माझा भाऊ मरणाला टेकलाय."

"मग रुग्णवाहिका बोलावू का?"

"ती मरणाऱ्याला. मी नुसता भेटायला निघालोय."

मुलगी ओशाळली, पण अडसर हलला नाही. हलवून उपयोगही नव्हता. तिच्यामागे द्राक्षमळ्यांमधून जाणारा रस्ता या कडेपासून त्या कडेपर्यंत सायकलींनी भरला होता. मातेर्नने गाडी मागे घेतली, कोठारातली जुनी सायकल बाहेर काढली आणि गर्दीत घुसवली. त्याच्या डांबाकपासून भावाच्या बेर्गाइमपर्यंत तो एकच रस्ता होता आणि संध्याकाळपर्यंत त्यावर दुसरं काही चालणार नव्हतं.

सकाळीच थोरल्या बहिणीचा, ओर्तान्सचा, फोन आला होता. "गास्पारचं हृदय कधी थांबेल, नेम नाही म्हणाले डॉक्टर. अंथरुणातून उठायचीसुद्धा बंदी आहे. आजच जा."

"त्यानं बोलावलंय?"

"तो बोलावणार नाही, तू बोलावल्याशिवाय जाणार नाहीस. पाळण्यात होतात तेव्हाच दोघांची डोकी एकमेकांवर आपटायला हवी होती मी!"

वडिलांच्या पश्चात उतारावरच्या वेली दोघा भावांत समान वाटायच्या होत्या. कायदा काटेकोर होता आणि ओळी निघाल्या विषम. मधली एक उरली. तिचे दोन तुकडे करावेत असं नोटरीने सुचवलं, तेव्हा दोघांनी एकदमच नकार दिला. त्यानंतर त्यांचं कशावरही एकमत झालं नाही. दर तोडणीला दोघे आपापल्या बाजूच्या ओळी उतरवत, एकमेकांकडे पाठ करून. मधल्या ओळीची रीस्लिंग द्राक्षं पाखरं खात.

'ती ओळ तुझी.' मातेर्नला एवढंच बोलायचं होतं. गास्पारच्या कानात तेवढे तीन शब्द पोचले की पुढचं देवाच्या हाती.

हा रस्ता इतका मोकळा त्याने कधी पाहिला नव्हता, आणि इतका अडलेलाही. पुढे एक अख्खं कुटुंब हातात हात घालून सायकली हाकत होतं. घंटी वाजवली की ते मागे वळून हसत आणि हात हलवत. शेरविलरच्या चौकात बँड वाजत होता, आणि त्याच्याभोवती जमलेल्यांना बाजूला व्हायची घाई नव्हती. तिथेच फ्लोराँ मळेवाल्याने त्याचं हँडल धरलं.

"मातेर्न, शर्यतीत उतरलास या वयात? अरे, जिंकलास तर बक्षीस म्हणून तुझीच वाइन पाजतील. सावकाश जा!"

"सोड, फ्लोराँ."

"एक पेला घेतल्याशिवाय नाही. आज माझ्या दारावरून कोणी कोरडं जात नाही."

सांगत बसायला वेळ नव्हता. मातेर्नने पेला घेतला, एका दमात रिता केला आणि पुढे निघाला. मागून टाळ्या पडल्या.

चढावर साखळी निसटली. त्याने गुडघ्यांवर बसून ती चढवली, तोवर हात वंगणाने काळे झाले होते. त्याच्या दोन्ही अंगांनी लोक गाणी म्हणत चालले होते. आपण पोचू तेव्हा खिडक्यांची दारं लावलेली असतील, गास्पारची बायको रेजीन काळ्या कपड्यात असेल, हे चित्र काही केल्या डोळ्यांपुढून हटेना.

ओर्शविलरच्या अलीकडे अक्रोडाच्या झाडाखाली घोळका जमला होता. कोणीतरी गवतावर आडवं पडलं होतं. दोन स्वयंसेवक वाकून छाती दाबत होते. तिसरी, एक मध्यमवयीन बाई, रस्त्यात येऊन हात हलवत होती.

"आजोबा, तुम्ही इकडचेच दिसता. जरा थांबून बघता का? यांच्याजवळ फोन नाही, ओळखपत्र नाही. कोण, कुठले, कळायला मार्ग नाही."

मातेर्नचा पाय जमिनीला टेकला. त्या माणसाभोवती पाठीच पाठी होत्या. आत शिरायचं म्हणजे सायकल टाकायची, मग नाव, गाव, निरोप. त्यात किती वेळ गेला असता?

"बाई, मला माफ करा. माझा भाऊ शेवटच्या घटका मोजतोय. त्याच्यापाशी पोचायलाच हवं मला."

बाईने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि बाजूला झाली. "जा, जा तुम्ही. आम्ही आहोत इथे."

त्याने आपली पाण्याची बाटली तिच्या हाती दिली आणि पुन्हा पायडलवर पाय रोवला. मागे रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकू आला. कुणा परक्या घरावर आजच ही वेळ यावी, याचं त्याला वाईट वाटलं. पण त्याच्यापुरतं तरी जग या घटकेला एकाच खोलीएवढं उरलं होतं.

पुढचा उतार त्याने ब्रेक न दाबता घेतला. बेर्गाइमची वेस लागली, मग कारंजं, मग गल्ली. गास्पारच्या घराच्या खिडक्या सताड उघड्या होत्या. फाटकात रेजीन उभी होती, चर्चला जाताना घालतात त्या निळ्या पोशाखात, आणि त्याला पाहताच ती चक्क हसली.

मातेर्नच्या हातून सायकल भिंतीवर कलंडली. "रेजीन... आहे ना तो?"

"या, भावजी, या! अहो, रात्रभर ह्यांनी तुमच्याच नावाचा धोशा लावला होता. 'उद्या मोटारी बंद, मातेर्न काही यायचा नाही, मीच जातो.' मी प्रार्थनेला गेले आणि तेवढ्यात सायकल घेऊन निघालेसुद्धा! घरी येऊन पाहते तर अंथरूण रिकामं. मी लगेच फोन लावला. ओर्तान्सताईंनी सांगितलं, तुम्हीही तिकडून निघालात. तेव्हा कुठे जिवात जीव आला. म्हटलं, रस्ता एकच आहे, भेट होणारच." तिने कपाळावर आडवा हात धरला आणि त्याच्या खांद्यावरून रस्त्याकडे पाहिलं. "मागे राहिलेत का हे?"