मोजकाठी

मुंबईचे वकीलसाहेब विलायती गळ घेऊन आपट्याच्या खाडीवर हौसेनं मासे धरायला आले, तेव्हा त्यांची पेटी लोधिवलीच्या वाडीतल्या आवडीच्या डोक्यावर होती. साहेबांचा नियम एकच: मोजकाठीहून आखूड मासा पाण्यात परत सोडायचा. सकाळपासून चार जिताडे असे गेले. जिताडा काय खेळायला धरतात? साहेबांनी पाचवाही सोडला, तशी आवडी पेटी काठावर ठेवून, कासोटा खोचून चिखलात उतरली. तिला ठाऊक होतं, दमलेला मासा तिवरांच्या मुळांत निपचित पडतो. तिनं तो नुसत्या हातांनी धरून आणला. साहेबांनी काठी आडवी धरली. “सोड! लहान आहे तो. नाहीतर उद्यापासून काम बंद.” “तुमच्या काठीला पुरत नसंल, पर माझ्या पोरींना पुरंल.” तिनं काठी हिसकावली, माशाच्या कल्ल्यातून ओवली, खांद्यावर टाकली आणि वाडीची वाट धरली. “अगं, पेटी!” साहेब ओरडले. आवडी म्हणाली, “सोडली.”