न गायलेला शब्द

आखातातल्या शर्कच्या मासळी बाजारातून ताजं पापलेट आणून लीनानं सो साहेबांना जेवायला बोलावलं, ते उगाच नव्हे. लेकीला, स्पृहाला, पुढच्या शिक्षणासाठी कोरियाला, थेट सोलला जायचं होतं आणि लीनाच्या तोंडून होकार काही निघत नव्हता. सो साहेब तिच्याच रिफायनरीतले, मूळचे सोलचे. त्यांनी दोन गोष्टी समजावल्या तर पोरगी हट्ट सोडेल, असा तिचा बेत होता.

पण तुकड्यांवर ताव मारून झाला तरी साहेब विषय काढेनात. डाव साधला तो स्पृहानं. "अंकल, प्लीज, एक सिजो गा ना!"

"तीन ओळींची आमची जुनी कविता," ते लीनाला म्हणाले. मग सोफा सोडून खाली मांडी घालून बसले, गुडघ्यावर थाप दिली आणि गाऊ लागले.

तीन ओळींना असा कितीसा वेळ लागणार? पण एकेक अक्षर ते इतकं लांबवर नेत होते, की लीना हातातली ताटली ठेवायची विसरली. ऑफिसात हूं की चूं न करणारा हा माणूस, आणि त्याच्या पोटात एवढा सूर! तिच्या अंगावर सरसरून काटा आला. खाली सालमियाच्या रस्त्यावर हॉर्न वाजत असतील, तिला ऐकू आले नाहीत.

आणि सूर मध्येच थांबला.

"वाट बर्फात बुजली. दारातला बांबू तेवढा हिरवा राहिला," साहेबांनी अर्थ सांगितला. "पण बाई गं, कुणी येईल, दिवा तेवता…"

"तेवता काय?" लीनानं विचारलं.

"‘ठेव’. तिसऱ्या ओळीत कविता वळते. गाताना मात्र तिचा शेवटचा शब्द आम्ही सोडून देतो. ऐकणाऱ्याला तो कळतोच."

लीनानं हातातली ताटली खाली ठेवली. स्पृहा मान खाली घालून ताटातले काटे चिवडत होती.

"तिकडे थंडी फार," शेवटी लीना म्हणाली. "तुझ्याकडे धड एक स्वेटर नाही."

स्पृहाचा चेहरा पडला.

"पण पोरी," ती म्हणाली, "खुशाल…"

शेवटचा शब्द तिच्यानं बोलवेना. साहेबांनी गुडघ्यावर हलकेच थाप दिली.

रागानं महिनाभर घरात फक्त इंग्रजीत उत्तरं देणारी स्पृहा उठून लीनाच्या गळ्यात पडली.

"येईन ना गं, आई."