सागवानी मोरी

पहिली चपराक बसली तेव्हा इनायत मोरीत उकिडवा बसून माप घेत होता. त्याने मान वर केली नाही. नवराबायकोच्या भांडणात पडू नये हे त्याला बापाने शिकवलं होतं. पिंपरीच्या बाजारात त्याचं व्हिनाइलचं दुकान होतं, फरशीवर चिकटवायच्या त्या नव्या रबरासारख्या पत्र्यांचं. तो धंदा सुरू केल्यापासून लोकांच्या घरात मान खाली घालूनच वावरायचं असतं, हेही तो शिकला होता.

शालनबाईंचा गुन्हा एवढाच, की त्या नवऱ्याला, ज्योतीरामला, म्हणाल्या, "हे लाकडाचं नको. तुमच्या पायाला कंपनीतलं तेल असतंय. घसराल."

इनायतने तीन नमुने उंबऱ्यात मांडले होते. दोन ठिपक्यांचे, खडबडीत. तिसरा हुबेहूब सागवान. रेषा, गाठी, सगळं छापलेलं आणि वरून गुळगुळीत. ज्योतीरामने तसलं कंपनीतल्या साहेबाच्या बंगल्यावर पाहिलं होतं, आणि पिंपळे गुरवातल्या आपल्या जुन्या घरातही तसंच व्हावं ही त्याची हौस होती. मोरी म्हणजे एक माणूस कसाबसा मावेल एवढी जागा, त्यात भिंतीशी सिमेंटचा हौद. जुनी शहाबादी फरशी मधोमध फुटलेली. ती कशी फुटली हे ज्योतीरामने आल्याआल्या हसत सांगितलं होतं. त्याने बायकोला वरवंटा फेकून मारला होता आणि नेम चुकला होता.

आता तो तिला समजावत होता, म्हणजे त्याच्या परीने. तिचा अंबाडा त्याच्या मुठीत होता.

"बारा वर्सं लेथपुढं लाकडाच्या फळ्यांवर हुबा ऱ्हातोय मी. तेलात. कंदी घसरलो? लाकूड पाय धरतं. तुला काय कळतंय?"

इनायतला कळत होतं. दुकान टाकायच्या आधी तोही कंपनीत लेथच्या यंत्रावरच होता. लेथपुढच्या फळ्यांमध्ये फटी असतात, तेल खाली गळून जातं, म्हणून पाय ठरतो. त्यात लाकडाची काही पुण्याई नाही. आणि हे तर लाकूडही नव्हतं. यावर तेलकट पाय पडला की माणूस उताणा, आणि एवढ्याशा मोरीत पडणाऱ्याचं डोकं हौदाच्या काठाखेरीज दुसरीकडे जायला जागाच नव्हती. हे सगळं दिसत असताना गप्प बसणं त्याच्या जिवावर आलं.

"ज्योतीराव," तो म्हणाला, "वहिनी बरोबर म्हणतायत. ठिपक्यांचं घ्या."

करायला गेला गणपती आणि झाला मारुती. ज्योतीराम इनायतला एक शब्द बोलला नाही. परक्या माणसाशी तो नेहमी अदबीने वागायचा, आळीत त्याचं तसं नावच होतं. त्याने अंबाडा धरूनच शालनबाईंचं तोंड दाराच्या चौकटीवर आपटलं. मग पुन्हा. भाईराच्या मानसाला फितवतीस व्हय, असं विचारत तिसऱ्यांदा. चौकट खऱ्या लाकडाची होती. इनायतने धावत मध्ये पडून त्याचं मनगट धरलं, माझं चुकलं, तुमच्या मनासारखं घालून देतो, असं काकुळतीला येऊन म्हणाला, तेव्हा कुठे मूठ सुटली. इनायतला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. तो शहाणपणाचं एक वाक्य बोलला होता आणि मार तिने खाल्ला होता.

"आता तूच सांग," ज्योतीराम धापा टाकत बायकोला म्हणाला. "कोन्तं?"

शालनबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. नाकातून रक्त येत होतं. ते त्यांनी पदराने पुसलं आणि सागवानी नमुना ओढून मांडीवर घेतला. त्यावर त्यांनी बोट फिरवलं. बोट या टोकापासून त्या टोकापर्यंत कुठे अडलं नाही. मग त्यांनी नवऱ्याच्या पायांकडे पाहिलं. मोरीत काम चालू असल्यामुळे शिफ्टवरून आल्यावर त्याने पाय धुतले नव्हते. चपलेच्या पट्ट्यांखाली तेल काळं चमकत होतं. त्या बराच वेळ बघत राहिल्या.

"लाकडाचं," त्या म्हणाल्या. "तुमी म्हनता तेच बरं हाय."

ज्योतीराम खूष झाला. हिला जरा उशिरानं कळतं, असं इनायतला सांगून तो तंबाखू आणायला नाक्यावर गेला.

इनायतने फुटलेली भेग सकाळीच सिमेंटने बुजवली होती. त्यावर त्याने सोल्युशन फासलं, व्हिनाइल दाबून बसवलं, कडा सुरीने कापल्या. शालनबाई नाकाशी पदर धरून दारात उभ्या होत्या, आणि त्याच्या हातांपेक्षा हौदाच्या काठाकडेच जास्त बघत होत्या. काम झालं तेव्हा मोरी खरंच साहेबाच्या बंगल्यातली वाटायला लागली.

गिऱ्हाइकाला सावध केल्याशिवाय इनायत कधी कुणाच्या घरातून निघत नसे. आज त्याने आधी बाहेर डोकावून पाहिलं, मग आवाज खाली आणला.

"वहिनी, यावर गोणपाट टाकत जा. तेल न् पाणी एक झालं की फार वाईट आहे हे. डोकं फुटेल एखाद्याचं."

शालनबाईंनी कोपऱ्यातलं गोणपाट उचललं, झटकलं आणि घडी करून काखेत धरलं.

"टाकीन की," त्या म्हणाल्या. "माझी अंघोळ झाली की उचलून ठेवत जाईन."